अधिकाची उभी रेघ

माझी सून नागपुरात एका कंत्राटदाराकडे संगणकावर नकाशे काढते. मागच्या दिवाळीत ती काम घेऊनच घरी आली होती. मी तिच्या खुर्चीमागे उभा राहून पाहत होतो. एका मापापुढे तिला अधिक-उणे हे चिन्ह घालायचं होतं. तिनं टक्क्याचं चिन्ह दोनदा दाबलं, पुढे इंग्रजी पी दाबला, आणि चिन्ह जागेवर हजर.

मी विचारलं, "झालं?"

"झालं की बाबा. का?"

"आंघोळ नाही, कुलूप नाही, कोणाची परवानगी नाही?"

सासरा म्हातारा झाला, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. झालोच आहे. पण आमच्या काळी या चिन्हांचा काय रुबाब होता, हे सांगायला बसलो असतो तर तिचं काम बुडालं असतं. म्हणून तिला सोडलं आणि इथं सांगतो आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीमचा जिल्हा व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता. आम्ही अकोल्याचा एक तालुका होतो आणि आमचे सगळे हुकूम अकोल्याहून यायचे. वाशीमला रस्ते आणि त्यांच्याखालून नाल्याचं पाणी नेणाऱ्या मोऱ्यांची कामं पाहणारी एक कचेरी होती, तिथं मी ट्रेसर म्हणून लागलो. कोणत्या खात्याची कचेरी ते सांगत नाही. त्यातले बरेच जण आता नाहीत, आणि जे आहेत त्यांची मुलं अजून मला रस्त्यात नमस्कार करतात.

ट्रेसरचं काम असं. हेड ड्राफ्ट्समन जाड कागदावर पेन्सिलीनं नकाशा काढणार. मी त्यावर ते निळसर, पारदर्शक, गुळगुळीत कापड ताणून बसवणार आणि खालची प्रत्येक रेघ शाईनं वर उतरवणार. मग कापडाखाली रसायनाचा कागद ठेवून, काचेच्या चौकटीत दाबून, अंगणात उन्हात धरायचं. नंतर तो कागद अमोनियाच्या पेटीत घालायचा की नकाशाची प्रत तयार. पेटीचं झाकण उघडलं की डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. लग्न ठरलेला एक कारकून आमच्याकडे होता, तो त्या पेटीजवळून गेला की सगळे त्याला विचारायचे, आतापासूनच रडून राह्यला काय?

अक्षरं आणि आकडे हातानं लिहायचे नाहीत. त्यासाठी सेल्युलॉइडच्या पट्ट्या होत्या, कापलेल्या खाचांच्या. खाचेत पेनाचं टोक घालून फिरवायचं, अक्षर खाली सुबक उमटतं. अक्षरांच्या आणि आकड्यांच्या पट्ट्या सगळ्यांच्या टेबलावर पडलेल्या असायच्या. चहाचा कप ठेवायलाही चालायच्या. पण एक पट्टी निराळी होती. चिन्हांची. तीवर सात चिन्हं होती: अधिक, उणे, अधिक-उणे, व्यासाचं कापलेलं वर्तुळ, कोन, अंशाचं टिंब आणि वर्गमूळ. अख्ख्या कचेरीत अशी पट्टी एकच. ती हेड ड्राफ्ट्समनच्या लोखंडी कपाटात, लाल फडक्यात गुंडाळलेली असे, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला.

हे हेड ड्राफ्ट्समन उंच, गोरे, नाकाचे तरतरीत. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. त्यांनी नियम केला होता की नकाशात चिन्ह घालील तो फक्त त्यांचा हात. आम्ही ट्रेसर लोकांनी आकडा काढायचा आणि त्याच्या पुढे, जिथं चिन्ह यायचं, तिथं बोटाच्या पेराएवढी जागा कोरी सोडायची. नकाशे असे कोऱ्या जागांचे साठत जायचे, आणि गुरुवारी भाऊसाहेब आंघोळ करून, गंध लावून, थोडे उशिरा येऊन, कपाट उघडून, एकेक चिन्ह भरत बसायचे. त्या दिवशी त्यांच्या टेबलाजवळ मोठ्यानं बोलायचं नाही. शिपाई पंख्याचं बटणसुद्धा विचारून दाबायचा. मी गणितात मॅट्रिकला चांगले मार्क घेऊन आलो होतो, आणि वर्गमूळ म्हणजे काय ते भाऊसाहेबांना विचारलं असतं तर त्यांनी विषय बदलला असता, याबद्दल माझी आजही पैज आहे. पण पट्टी त्यांच्याकडे होती, म्हणून गणितही त्यांच्याकडे होतं.

कोरी जागा सोडण्याचा हा नियम मी येण्याआधी होता की नाही, कोणी नक्की सांगत नसे. एका कारकुनाच्या मते आधीचा ट्रेसर चिन्हं स्वतःच काढायचा. तो भाऊसाहेबांच्या नात्यातला होता. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं, घरातला पहिला पगारी कारकुनी माणूस मी. कचेरीत मला कोणी काही म्हटलं नाही, उगाच खोटं कशाला सांगू. मी रुजू झालो त्या आठवड्यात पाण्याच्या माठाशेजारी एक जास्तीचा पेला आला, एवढंच. आणि तो पेला इतरांच्या पेल्यांपेक्षा नवाकोरा होता, हेही सांगतो. मला राग यायचा तो पेल्याचा नाही. वर्गमूळाचा यायचा.

पण राग गिळायला कारण होतं. माझी नेमणूक तात्पुरती होती. वर्षाचा गोपनीय रिपोर्ट मार्चात अकोल्याला जायचा, तो बरा असेल तर पावसाळ्यात कायम झाल्याचा हुकूम यायचा, नाही तर घरी. आणि माझा रिपोर्ट लिहिणारा हात तोच, चिन्हं घालणारा.

त्या वर्षीची खंडेनवमी. कारखान्यात यंत्रांना, शेतात अवजारांना हळदकुंकू लावतात, तसं आमच्या कचेरीत टेपा, दुर्बिणी, गुण्ये मांडून त्यांची पूजा व्हायची. यंदा भाऊसाहेबांच्या मनात आलं की चिन्हांच्या पट्टीचीही यथासांग पूजा व्हावी. ती पाटावर आली. त्यांनी कुंकू पाण्यात चांगलं घट्ट कालवलं आणि सातही चिन्हांना, समोर सात देव बसवले असल्यागत, एकेक उभं बोट ओढलं. वर अक्षता. वर्गमूळालाही अक्षता! शिपायानं नारळ फोडला, भाऊसाहेबांनी पेढे वाटले, आणि आम्ही सगळ्यांनी लांबून हात जोडले. मीसुद्धा जोडले. नोकरी तात्पुरती होती.

दिवाळीनंतर माझ्या टेबलावर एक नकाशा आला. मोरीचा. आणि पाहतो तर मोरी आमच्याच गावची. आमचं गाव जऊळक्याच्या स्टेशनापासून दोन मैलांवर, मध्ये एक नाला. पावसाळ्यात नाला चढला की गाव अलीकडे आणि रेल्वे, बाजार, दवाखाना सगळं पलीकडे. माझे बाबा रेल्वेत चाबीवाले. म्हणजे रोज पहाटे रुळावरून मैलोन्‌मैल चालत जायचं, ढिल्या झालेल्या लोखंडी चाव्या हातोड्यानं ठोकत जायचं, आणि रुळात काही खोट दिसली तर लाल झेंडी दाखवून गाडी थांबवायची. कामावर जायला त्यांना तोच नाला रोज ओलांडावा लागे. त्यामुळे ती मोरी मी जीव ओतून ट्रेस केली. इतकी सुबक की कचेरीतल्या कोणालाही ती मोरी आहे असं वाटलं नसतं.

आमच्या मोऱ्यांचं चित्र सगळ्या गावांना एकच असे. बदलायचे ते कोष्टकातले आकडे आणि आकड्यांपुढची चिन्हं. नाल्यात पुढे, उताराकडे, एक सपाट खडक होता, त्याची उंची शून्य धरली होती. रस्त्याजवळचा नाल्याचा तळ त्याच्यापेक्षा साठ सेंटिमीटर वर, म्हणून सिमेंटच्या पाइपाचा तळही अधिक साठ सेंटिमीटर. मी आकडा काढला, पुढे जागा सोडली, आणि नकाशा गुरुवारच्या गठ्ठ्यात ठेवला.

शुक्रवारी प्रत काढायला तो माझ्याकडे आला. मी पाहिलं. साठच्या पुढे एक आडवी रेघ. उणे.

मी पुन्हा पाहिलं. तसंच. गठ्ठ्यातले दुसरे नकाशे काढले. शिरपूरच्या कामात, शेलूबाजारच्या कामात, जिथं अधिक-उणे हवं होतं तिथं दोन आडव्या रेघा, बरोबरचं चिन्ह असल्यासारख्या. तिथं त्यानं फारसं बिघडत नव्हतं. आमच्या मोरीत बिघडत होतं. पाइप खडकाच्या वर साठऐवजी खडकाच्या खाली साठ. म्हणजे नाल्याच्या तळापासून चार फूट जमिनीत.

मी कापड घेऊन भाऊसाहेबांकडे गेलो. म्हटलं, "भाऊसाहेब, इथं अधिक पाहिजे होतं ना?"

त्यांनी नकाशा हातात घेतला, लांब धरला. चष्मा खिशात होता, तो खिशातच राहिला. चष्मा ते फक्त घरी लावत.

"तुले जागा सोडाचं काम दिलं हाय ना?" ते शांतपणे म्हणाले. "मंग जागा सोड. चिन्ह माह्या अंगावर हाय. वीस वर्सं झाले घालून राह्यलो, तू मले अधिक-उणं शिकवतं काय? अन् मार्चात तुहा रिपोट कोनाच्या हातून जाते, थे ध्यानात असू दे."

ध्यानात होतंच. मी टेबलावर परत आलो. दुपारी सगळे डबे घेऊन लिंबाखाली गेले, खोलीत मी एकटा. कापड समोर, पेनात शाई भरलेली. त्या आडव्या रेघेवर एक उभी रेघ मारायची होती. पट्टीचीसुद्धा गरज नव्हती, हातानं मारली असती तरी ओळखू आली नसती, इतका हात बसला होता माझा. एक उभी रेघ. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग मी पेनाचं टोपण लावलं, कापड चौकटीत घातलं, अंगणात नेऊन उन्हात धरलं, आणि उण्याच्या पाच प्रती काढल्या. डोळ्यांतून पाणी आलं ते अमोनियाचं, त्याला उगाच मोठं नाव देत नाही.

उन्हाळ्यात मोरीचं काम निघालं. तिथला ओव्हरशियर अनुभवी माणूस. नाल्याच्या तळाखाली चार फूट खणायचं म्हटल्यावर मजुरांनीही विचारलं, इतकं खोल काहून? ओव्हरशियरनं नकाशा पाहिला, चिन्ह पाहिलं. चिन्ह भाऊसाहेबांचं, म्हणजे चूक असणार नाही. मग त्यानं स्वतःच्या बुद्धीनं खुलासा काढला: "सायफन असन. नवी पद्धत निंगाली आता. पानी खालून जाते अन् पलीकडं आपोआप वर येते." गावात ही बातमी हां हां म्हणता पसरली. आमच्या मोरीत सायफन आहे म्हणून लोक शेजारच्या गावांपुढे मिशांवर ताव देत हिंडले. पाइप पुरले, वर माती लोटली, वर रस्ता. दोन्ही तोंडं जमिनीत. मी सुटीत गेलो तेव्हा गावातल्यांनी मला ते दाखवायला नेलं आणि विचारलं, तुमच्याच हापिसातलं डोकं ना हे? मी हो म्हटलं.

पाऊस आला आणि सायफननं आपली बुद्धी दाखवली. पाण्याला जायला वाट नाही, म्हणून ते रस्त्यावरूनच गेलं. पूर्वी नुसता नाला होता तेव्हा दोन तासांत उतरायचा. आता रस्त्याच्या बांधाला अडून दोन-दोन दिवस उतरेना. गावची माणसं ओल्या कपड्यांनी वाशीमला आली आणि कचेरीच्या पायऱ्यांवर बसली.

साहेब, म्हणजे आमचे उपअभियंता, तरुण होते, देशावरून नुकतेच आलेले. त्यांनी नकाशा मागवला, ओव्हरशियरला बोलावलं, भाऊसाहेबांना बोलावलं, मला बोलावलं. ओव्हरशियर म्हणाला, कागदावर उणे आहे, मी उणे केलं. भाऊसाहेब म्हणाले, माझ्या मूळ कागदावर अधिक आहे, हे बघा पेन्सिलीचं. उभी रेघ ट्रेसरनं गाळली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मार्चातला रिपोर्ट त्यांनी बरा लिहिला होता, हे मला शिपायाकडून कळलं होतं, हुकूम कधीही येणार होता, आणि आता तो येणार नव्हता.

तेव्हा कुठे मला कंठ फुटला. गावासाठी नाही फुटला, लक्षात घ्या. माझ्यासाठी फुटला.

मी म्हटलं, "साहेब, चिन्हं ट्रेसर घालत नाही. चिन्हांची पट्टी मागवा आणि खिडकीच्या उजेडात धरा."

पट्टी आली. लाल फडकं उलगडलं. साहेबांनी ती खिडकीकडे धरली. उणे लख्ख दिसत होतं, कोन दिसत होता, वर्गमूळ दिसत होतं. अधिकाच्या जागी उजेडाची नुसती आडवी रेघ. साहेबांनी टाचणी घेतली आणि उभ्या खाचेत खुपसली. लाल पापुद्रा सुटला, कुंकवाचा, आणि त्याच्यामागून तांदळाचा अर्धा दाणा टेबलावर पडला.

शिपायानं सवयीनं हात जोडले. मग साहेब इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं, आणि ते हसले म्हणून ओव्हरशियर हसला, आणि ओव्हरशियर हसला म्हणून मीही हसलो. भाऊसाहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी तो दाणा चिमटीत उचलला आणि बाहेर तुळशीत टाकून आले.

चौकशीचा निकाल सुरेख लागला. "उपकरणातील नैसर्गिक दोष," असं फायलीत लिहिलं गेलं. कुंकवाचा उल्लेख नाही, भाऊसाहेबांचा नाही, माझाही नाही. सुधारित नकाशाचा प्रस्ताव अकोल्याला गेला, आणि मोरी वर यायला आणखी एक पावसाळा जावा लागला. साहेबांनी पट्टी धुऊन माझ्या हातात दिली आणि यापुढे चिन्हं तू घाल म्हणाले. मी ती संध्याकाळी भाऊसाहेबांकडे परत ठेवायला गेलो, तर म्हणाले, "राहू दे तुह्याकडंच." महिन्याभरात त्यांनी स्वतःच्या खर्चानं दुसरी मागवली. माझा विजय तो एवढा.

आणि हुकूम आला. कायम. मी पेढे घेऊन जऊळक्याला उतरलो, नाल्यातून कमरेएवढ्या पाण्यातून, पुडा डोक्यावर धरून घरी गेलो. बाबा ओट्यावर गुडघ्याला हळदीचा लेप लावून बसले होते. चार दिवसांपूर्वी पहाटे कामावर जाताना आमच्या सायफनवर त्यांचा पाय घसरला होता. गुडघा मुरगळला, आणि काखेतली लाल झेंडी वाहून गेली. झेंडी रेल्वेची. ती कशी हरवली याचा लेखी खुलासा द्या, असा कागद आला होता, आणि मी येऊन तो लिहावा म्हणून त्यांनी जपून ठेवला होता.

मी पेढे वाटले. शेजारपाजारचे जमले. मी त्यांना पट्टीची सगळी गोष्ट रंगवून सांगितली, भाऊसाहेबांचा आवाज काढून, तुळशीतल्या दाण्यासकट. माणसं पोट धरून हसली. माय तर डोळे पुसू लागली. बाबा हसले नाहीत. सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं,

"तुले कवा दिसलं थे उणं?"

"दिवाळीनंतर."

"अन् मोरी कवा पुरली?"

"उन्हाळ्यात."

ते म्हणाले, "मंग झेंडी कायले नाही दाखोली?"

"दाखवली ना बाबा. त्यांना सांगितलं होतं मी एकदा. ते माझ्यावरच उलटले. नोकरी तात्पुरती होती माझी."

"माही बी टेंपरवारीच होती," बाबा म्हणाले, "जवा म्या पहिली गाडी थांबोली. डायवरनं मायबहिनीवरून शिव्या देल्ल्या. झेंडी एकडाव दाखवून खिशात घालाची नसते, बापू. गाडी थांबेलोक धराची असते."

आवाज चढवला नाही. त्यांनी गुडघा सरळ केला, घडी घातलेला रेल्वेचा कागद माझ्यापुढे सारला आणि म्हणाले, "ल्हे आता. झेंडी वाहून गेली म्हनून ल्हे."

मी खिशातून पेन काढलं आणि लिहिलं.